तलवार उपसण्याआधी

‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ सुरू केला की कथा उलगडण्याआधीच खेळाडूला एक निवड करावी लागते. काठिण्याच्या चार पातळ्या समोर येतात. पहिलीत कथा निवांत अनुभवता येते, दुसरीत कथेला तलवारीची जोड मिळते, तिसरीचे नावच रक्त आणि मोडलेली हाडे यांवरून ठेवले आहे, आणि चौथी म्हणजे ‘डेथ मार्च’. ही पुस्तिका त्या चौथ्या पातळीबद्दल आहे. तिथे जिवंत कसे राहायचे, एवढाच तिचा विषय.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. डेथ मार्चवर लढाईचा निकाल बहुतेक वेळा तलवार उपसण्याआधी लागलेला असतो. गावकऱ्याने सांगितलेली हकिकत ऐकताना, चिखलातले ठसे पाहताना, पात्याला तेल लावताना आणि कधी कधी पाठ फिरवून निघून जाताना तो लागतो. ज्याची बोटे झरझर चालतात त्याला फायदा होतो, यात शंका नाही. पण मी ज्यांना या पातळीवर शेवटपर्यंत टिकताना पाहिले ते सगळेच काही चपळ नव्हते. लक्ष देण्याची सवय मात्र त्या सगळ्यांना होती.

ही सवय गेमने नव्याने शोधलेली नाही. विचर या कल्पनेच्या मुळाशीच ती आहे. विचर म्हणजे मोबदला ठरवून राक्षस मारणारा व्यावसायिक. पोलिश लेखक आंद्जेई सापकोव्स्की यांनी ‘फान्तास्तिका’ या मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या कथेत गेराल्ट हा विचर पहिल्यांदा वाचकांसमोर आला. स्पर्धेत तिसरे बक्षीस मिळवणारी ती कथा १९८६च्या डिसेंबरमध्ये छापून आली. राजा फोल्टेस्टची मुलगी शापामुळे स्त्रिगा नावाची राक्षसीण झाली आहे आणि तिला न मारता शापातून सोडवायचे आहे. गेराल्ट काय करतो? आधी माहिती काढतो, मोबदल्याच्या आणि परिस्थितीच्या अटी समजून घेतो, रात्र पडण्याआधी आपली द्रव्ये पितो आणि मग जुन्या राजवाड्यात जाऊन थांबतो. झुंज अंगावर काटा आणणारी आहे, पण तो वाचतो तो आधीच्या तयारीमुळे. तरीही पहाट होता होता गंभीर जखमी होतोच. म्हणजे तयारीने धोका संपत नाही, तो फक्त झेपेल इतका होतो. या पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रकरणाला हीच अट लागू आहे.

वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने २००७ साली पहिला ‘विचर’ गेम आणला, तेव्हा सुरुवातीच्या चित्रफितीसाठी त्यांनी हीच स्त्रिगेची रात्र निवडली. २०११च्या दुसऱ्या गेममध्ये त्यांनी तयारीचा नियम फार कडक केला. द्रव्य प्यायचे तर लढाईआधी ध्यानाला बसूनच प्यायचे. झुंज सुरू झाल्यावर बाटलीला हात लावता येत नसे. पुढे काय येणार याचा अंदाज नसेल तर कोणते द्रव्य प्यायचे हेही कळत नसे, आणि अनेक खेळाडू त्यामुळे वैतागले. १९ मे २०१५ रोजी आलेल्या तिसऱ्या गेमने हा नियम सैल केला. आता लढता लढता द्रव्य पिता येते. एकदा तयार केलेले द्रव्य संपले तरी पुन्हा वनस्पती गोळा कराव्या लागत नाहीत. जवळ कडक दारू असली आणि ध्यानाला बसले की बाटल्या आपोआप भरतात. लाखो नव्या खेळाडूंसाठी ही सोय योग्यच होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की खालच्या पातळ्यांवर किमया, राक्षसांची माहिती, तेले, बॉम्ब या साऱ्याकडे ढुंकूनही न पाहता गेम पुरा करता येतो. स्टुडिओने इतक्या मेहनतीने रचलेला अर्धा व्यवसाय न उघडलेल्या पेटीसारखा पडून राहतो. डेथ मार्च ती पेटी उघडायला लावतो. मला ही पातळी प्रिय आहे ती या कारणासाठी.

या पातळीवर नेमके बदलते काय? शत्रूचा घाव कितीतरी जड होतो आणि त्याला पाडायला जास्त वार लागतात. दुसरा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचा परिणाम अधिक खोल आहे. सोप्या पातळ्यांवर ध्यानाला बसले की गेराल्टच्या जखमा भरून येतात. वरच्या दोन पातळ्यांवर त्या भरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक चकमकीचा हिशेब पुढच्या चकमकीत येतो. रस्त्यावरच्या चार रानटी कुत्र्यांशी निष्काळजीपणे लढलात, तर त्याची किंमत संध्याकाळी नदीकाठच्या ड्राउनर राक्षसांसमोर मोजावी लागते. मग घराघरांतली पाव, मांस, फळे, पाण्याच्या बाटल्या अशी सामग्री जपून ठेवावी लागते. पहिल्या काही तासांत खाणे हेच मुख्य औषध. म्हणूनच सामान्य कौशल्यांतले ‘गुर्मे’ लवकर घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. त्यामुळे एकदा खाल्लेल्या अन्नाचा परिणाम वीस मिनिटे टिकतो, आणि सुरुवातीच्या काळात जगण्या-मरण्यातले अंतर एवढेच असते.

व्हाइट ऑर्चर्ड हा गेमचा पहिला मुलूख डेथ मार्चची शाळा आहे. तिथून घाईने बाहेर पडू नये, कारण मुख्य काम ज्या क्रमाने दिले आहे त्यातच सगळा अभ्यासक्रम आहे. निल्फगार्ड साम्राज्याच्या छावणीतला अधिकारी गेराल्टला ग्रिफिन मारायचे काम देतो. ग्रिफिन कुठे आहे हे सांगितले, आता जाऊन मारा, असे गेम म्हणत नाही. आधी शिकारी मिस्लावकडे जावे लागते. त्याच्यासोबत माग काढताना कळते की सैनिकांनी मादीला मारले आहे आणि नर त्यामुळे चवताळला आहे. मग टोमिरा या वैदूबाईकडून कळते की आमिषासाठी लागणारी वनस्पती नदीच्या तळाशी मिळेल. ती आणताना ड्राउनर भेटतात, म्हणजे मोठ्या झुंजीआधी छोट्या झुंजीची परीक्षा होते. शेवटी वेसेमीर हा वयोवृद्ध गुरू गेराल्टच्या हाती आडधनुष्य देतो, कारण आकाशातल्या शत्रूपर्यंत तलवार पोहोचत नाही. इतके सगळे झाल्यावर ग्रिफिन समोर येतो. सोप्या पातळीवर ही पायपीट कथेचा भाग म्हणून विसरली जाते. डेथ मार्चवर तिच्यातली प्रत्येक पायरी उपयोगी पडते: बाणाने ग्रिफिनला खाली पाडायचे, आर्ड या जादुई चिन्हाच्या धक्क्याने उडताना अडवायचे, जमिनीवर असेल तेव्हाच दोन वार करून बाजूला व्हायचे.

याच मुलुखात वैदूबाईच्या झोपडीत ग्रिफिनने घायाळ केलेली एक मुलगी पडून असते. गेराल्टला ज्या ‘स्वॅलो’ द्रव्याने बळ येते ते तिला द्यावे का, असा प्रश्न पडतो, कारण विचरचे द्रव्य साधारण माणसासाठी विषच असते. या छोट्या प्रसंगात गेमच्या किमयाशास्त्राचा मुख्य नियम सांगून झाला आहे. विचरही त्या विषाला पूर्णपणे पचवू शकत नाही. प्रत्येक घोटासोबत शरीरातली विषारी पातळी चढते, आणि ठरावीक मर्यादेपुढे गेली की औषधच जीव घेऊ लागते. राक्षसांच्या अवयवांपासून बनणारे जालीम काढे तर एका घोटात ती पातळी ७०ने वाढवतात, आणि सुरुवातीची एकूण मर्यादा असते १००. म्हणून कोणते द्रव्य प्यायचे याइतकेच कोणते प्यायचे नाही हेही महत्त्वाचे आहे. सगळे मिळवून सगळे प्यावे, ही वृत्ती इथे टिकत नाही.

माहितीचे महत्त्व मला सर्वांत स्पष्ट दिसते ते विहिरीवरच्या भुताच्या कामात. व्हाइट ऑर्चर्डमधल्या एका उजाड वस्तीच्या विहिरीजवळ नूनरेथ, म्हणजे भर दुपारी दिसणारी पिशाचिणी, वावरते. तिची मुळे पोलंडसह स्लाव्ह प्रदेशांतल्या लोककथांमध्ये आहेत. उन्हाळ्यात दुपारी शेतात राबणाऱ्यांना गाठणारी पोउदनित्सा ती हीच. नुसती तलवार घेऊन तिच्यावर धावून गेलात तर वार हवेतून जातात, ती मागे प्रकटते आणि दोन फटक्यांत खेळ संपतो. चौकशी केली तर कळते की ती कोण होती, तिचा खून कसा झाला, आणि विहिरीत पडलेले तिचे कंकण काढून जाळल्याशिवाय ती या जागेपासून सुटणार नाही. गेममधला राक्षसकोश उघडला तर कळते की यर्डेन चिन्हाच्या वर्तुळात ती शरीर धारण करते, आणि तेवढ्याच वेळात तलवार तिला लागते. पुढे ती आपल्या प्रतिकृती उभ्या करून बळ परत मिळवू लागते, तेव्हा आधी त्या नष्ट करायच्या. वर्तुळ आखा, ती आत येईपर्यंत थांबा, आत आली की वार करा, वर्तुळ विरले की मागे सरा. एवढे माहीत असले की हीच अशक्य वाटणारी लढाई शांतपणे करण्याचे काम होते. चौकशीत मिळालेली माहिती, दुःखद कथा आणि लढाईची पद्धत या तीन गोष्टी इथे एकत्र येतात, आणि या गेमचे खरे सौंदर्य मला तिथे दिसते.

राक्षसकोशाचा एक संपूर्ण भाग या पुस्तिकेत आहे तो याच कारणासाठी. प्रत्येक जातीसाठी चार गोष्टी दिल्या आहेत: ती कोणत्या तेलाला बळी पडते, कोणत्या चिन्हाला घाबरते, तिचा सर्वांत घातक वार कोणता, आणि तो येण्याआधी तिचे शरीर कोणती खूण देते. ड्राउनर आगीला, म्हणजे इग्नीला, कच खातात, पण झुंडीने घेरतात. रॉटफीन्ड मरताना फुटतो, म्हणून शेवटचा वार करून तिथेच उभे राहायचे नाही. नेकर एकटा क्षुल्लक असतो, पण त्यांची टोळी मोठमोठ्यांना लोळवते. त्यांची बिळे बॉम्बने उद्ध्वस्त केली नाहीत तर नवे नेकर येतच राहतात. लेशेन लांडगे आणि कावळे बोलावतो, आणि त्याच्यावर आग चालते. तीन डोळ्यांचा फीन्ड नजरेने सारे जग अंधारात बुडवतो; त्या क्षणी जागेवर खिळून न राहता बाजूला सरकत राहणे हाच उपाय. पात्याला लावायच्या साध्या तेलाने त्या त्या जातीला १० टक्के अधिक इजा होते, सुधारित तेलाने २५ आणि सर्वोत्तम तेलाने ५० टक्के. सोप्या पातळीवर या आकड्यांकडे कुणी बघत नाही. पण शत्रू दुप्पट वेळ टिकतो तेव्हा तो ५० टक्क्यांचा फरक म्हणजे आपल्यावर येऊ शकणारे कितीतरी कमी वार.

आता प्रत्यक्ष झुंजीबद्दल. तिच्यावर या पुस्तिकेत सर्वांत मोठे प्रकरण आहे, तरी मुख्य तत्त्वे थोडक्यात सांगतो. गेराल्टला दोन प्रकारे वार चुकवता येतो. डॉज म्हणजे अंग बाजूला काढणे. यात शत्रू हाताच्या टप्प्यात राहतो आणि उलटा वार करता येतो. रोल म्हणजे लांब लोळण. मोठा राक्षस झेप घेतो किंवा जमीन हादरवतो तेव्हाच ती घ्यावी. नवे खेळाडू घाबरून सतत रोल करतात, त्यामुळे शत्रूपासून दूर राहतात आणि त्यांची लढाई लांबत जाते. लढाई जितकी लांबेल तितकी चूक होण्याची शक्यता वाढते. तलवारीवर वार झेलणे किंवा वार येता क्षणीच उलटवणे माणसांवर आणि लहान राक्षसांवर चालते. ग्रिफिन किंवा फीन्डचा घाव झेलता येत नाही, तो चुकवावाच लागतो. क्वेन हे ढालीचे चिन्ह या पातळीवर श्वासाइतके गरजेचे आहे, कारण ते एक चूक पोटात घालते. ढाल विरली की पुन्हा बळ भरून येईपर्यंत हल्ला थांबवायचा आणि फक्त अंतर राखायचे. एकामागून एक तीन वार करण्याचा मोह टाळावा: दोन वार, मग बाजूला. तिसरा वार किती खेळाडूंना महागात पडला याची गणती नाही.

शत्रू एकापेक्षा जास्त असले की पहिले काम जागा निवडण्याचे. सगळे आपल्यासमोर राहतील असे मागे सरकत राहायचे, कॅमेऱ्यात न दिसणारा एकही शत्रू राहू द्यायचा नाही. दरोडेखोरांच्या टोळीत आडधनुष्य घेतलेला असेल तर तो पहिला, ढालवाला शेवटी. चांदीची तलवार राक्षसांसाठी, पोलादी माणसांसाठी आणि जनावरांसाठी. घाईत चुकीची तलवार हाती आली की तोच शत्रू दुप्पट चिवट होतो. गेराल्टची पातळी वाढेल तशी चांगली शस्त्रे हवीत आणि त्यांची सोय गेमने पहिल्याच मुलुखात केली आहे. व्हाइट ऑर्चर्डमध्येच व्हायपर पंथाच्या दोन्ही तलवारींचे आराखडे सापडतात. ते शोधायला दिलेला वेळ पुढे कैक पटींनी परत मिळतो.

आणि माघार. शत्रूच्या नावाजवळ कवटी दिसली की तो आपल्यापेक्षा फार वरचा आहे. अशा वेळी परत फिरण्यात काही गैर नाही. विचर हा योद्धा नाही, कारागीर आहे. आपल्या आवाक्याबाहेरचे काम आज न घेता पुढच्या महिन्यात घेणे हा त्याच्या कौशल्याचाच भाग. व्हेलेन या पुढच्या मुलुखाच्या दलदलीत रस्ता सोडून भटकताना हे तत्त्व रोज उपयोगी पडते.

या पातळीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप मला प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अनेक जाणते खेळाडू म्हणतात की डेथ मार्च म्हणजे फक्त फुगवलेले आकडे. शत्रूंची बुद्धी तीच, चाली त्याच, फक्त घाव जड आणि हेल्थ जास्त. यात तथ्य आहे. शिवाय काठिण्याचा आलेखही उलटा आहे: सर्वांत कठीण काळ सुरुवातीचा, आणि पुढे कौशल्ये व शस्त्रे जमली की गेराल्ट जवळजवळ अजिंक्य होतो. ३१ मे २०१६ रोजी आलेल्या ‘ब्लड अँड वाइन’ या विस्तारातले ‘युफोरिया’ हे उत्परिवर्तन तर शरीरातल्या विषाचेच बळ करून टाकते. किमयेवर भर देणारा खेळाडू त्यानंतर क्वचितच मरतो. मागे पडलेल्या शत्रूंना आपल्या पातळीला आणण्याचा पर्याय गेममध्ये आहे आणि तो चालू ठेवावा, पण त्याने सगळा तोल साधतो असे नाही.

तरीही आकडे बदलले की अर्थ बदलतो, असे मला ठामपणे वाटते. ड्राउनरची चाल तीच असली तरी तीन फटक्यांत जीव जाणार असेल तर आपण ती चाल पहिल्यांदा नीट पाहतो. ‘गोल्डन ओरिओल’ द्रव्य विषापासून वाचवते हे वाक्य सोप्या पातळीवर माहितीचा तुकडा असतो. ऑक्टोबर २०१५मध्ये आलेल्या ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मध्ये गटारातला अजस्र बेडूक विष ओकू लागतो तेव्हा तेच वाक्य सुटकेचा मार्ग होते. त्याच विस्तारातला फावडेधारी केअरटेकर आपल्याला लागलेल्या प्रत्येक घावातून स्वतःचे बळ भरून काढतो. त्याच्यासमोर वार न खाणे हीच हल्ल्याची पहिली अट. शत्रूला नव्याने बुद्धी दिलेली नाही हे खरे, पण खेळाडूने आपली वापरावी यासाठी पुरेसा दाब दिलेला आहे.

याचा अर्थ सोप्या पातळीवर खेळणारा कमी प्रतीचा, असा मुळीच नाही. कुणाला आठवड्यातून दोनच तास मिळतात, कुणाच्या बोटांना वेगवान हालचाली झेपत नाहीत, कुणाला गेराल्टच्या मानलेल्या मुलीचा, सिरीचा, शोध आणि राजकारण यांचीच ओढ असते. गेममध्ये पातळी केव्हाही बदलता येते आणि ती बदलण्यात कमीपणा नाही. ज्यांना विचरच्या व्यवसायात शिरायचे आहे, हात काळे करून तो शिकायचा आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

पुस्तिकेची रचना गेमच्या प्रवासाप्रमाणे आहे. पहिला भाग व्हाइट ऑर्चर्ड आणि गेराल्टच्या पहिल्या दहा पातळ्यांचा. तो सर्वांत तपशीलवार आहे, कारण बहुतेक खेळाडू तिथेच हार मानतात. दुसऱ्या भागात व्हेलेन आणि नोव्हिग्राड, तिसऱ्यात स्केलिगे बेटे, चौथ्यात दोन्ही विस्तार. राक्षसकोश आणि किमया हे स्वतंत्र भाग शेवटी दिले आहेत. ते सलग वाचू नयेत, काम हाती घेताना त्या राक्षसाचे पान उघडावे. कथेतली वळणे शक्य तितकी झाकून ठेवली आहेत, कारण ती स्वतः अनुभवण्याचा हक्क वाचकाचा आहे.

एकच विनंती करून थांबतो. गेराल्ट मरेल, तेव्हा लगेच जुना सेव्ह उघडू नका. आधी मरण्याचे कारण एका वाक्यात सांगा: तेल लावले नव्हते, पाठीमागचा शत्रू दिसला नाही, तिसरा वार केला, उपाशी असताना लढलो, कवटी पाहूनही थांबलो. कारण सांगता आले तर पुढच्या वेळी काय करायचे हे तुम्हाला आधीच कळलेले आहे. सांगता आले नाही तर पुस्तिकेत त्या शत्रूचे पान शोधा, आणि मगच पुन्हा तलवारीला हात घाला.